बठाले काहीतरी द्या

‘तुमचं म्हणणं आम्ही ऐकलं आहे’ हे वाक्य यापुढे माझ्यासमोर कोणी उच्चारू नये. घरात नवऱ्यालाही तशी ताकीद दिली आहे. परवा त्याला गॅसचा नंबर लाव म्हटलं, तर पेपरातून डोकं न काढता तो ‘ऐकलंय’ म्हणाला आणि माझा असा भडका उडाला की शेजारीण खिडकीत आली. त्याची चूक नव्हती. चूक आमच्या कारखान्याची आहे, आणि ती त्याला भोगावी लागते.

जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया विणणारे बरेच कारखाने आहेत. त्यांतल्या एकात मी डिस्पॅचला कारकून आहे. कुठले गठ्ठे कुठल्या गाडीत गेले ते कॉम्प्युटरवर चढवायचं, हे माझं काम. मला टेबल आहे, खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे. समोरच्या काचेतून फोल्डिंग खातं दिसतं. मागावरून उतरलेली, कडा शिवून आलेली चटई तिथे बायका तपासतात, घडी घालतात, पिशवीत भरतात आणि गठ्ठा बांधतात. पूर्वी हे काम त्या जमिनीवर बसून करायच्या. हात चालायचे, तोंडंही चालायची, आणि गाड्या वेळेवर निघायच्या. मग पुण्याहून एक सल्लागार आला. त्याने फरशीवर पिवळे पट्टे मारून घेतले, कमरेइतक्या उंचीची लांबलचक टेबलं मांडली आणि सगळ्या बायकांना उभं केलं. जमिनीवर बसून केलेलं काम बाहेरच्या गिऱ्हाइकाला दाखवायला बरं दिसत नाही म्हणे. टेबलाशी स्टूल का नाही, असं कोणीतरी विचारलं, तर स्टूल ठेवलं की बायका बसतात, असं उत्तर मिळालं. आता यावर काय बोलायचं?

त्या बायकांत एक अक्का होती. वय पन्नाशीचं, मूळची भडगावकडची, नवरा गेल्यावर मुलीच्या आधाराने जळगावात आलेली. आवाज असा की चारही माग चालू असताना तिची हाक माझ्या काचेच्या आत ऐकू यायची. सुरुवातीला ती मला मॅडम म्हणायची. एकदा फोनवर मी शिंदखेड्याच्या माझ्या आईशी अहिराणीत बोलताना तिने ऐकलं आणि त्या दिवसापासून मी ‘माय’ झाले. उभं राहण्याचं काम लागल्यापासून तिच्या पिंडऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. संध्याकाळपर्यंत पाय इतके सुजायचे की चपलेचा पट्टा सोडून ती अनवाणीच रिक्षापर्यंत जायची. डॉक्टरने तिला स्पष्ट सांगितलं होतं की एक तर मधून मधून बसत जा, नाहीतर हे काम सोड. काम सोडणं तिला शक्यच नव्हतं. मुलगी बाळंतपणाला घरी आलेली, जावयाचं धड नाही. तेव्हा प्रश्न एवढाच होता: अक्काला टेबलाशी एक स्टूल मिळायचं होतं. तास-दोन तासांनी टेकायला मिळालं असतं तर तिचं काम टिकणार होतं.

एवढीशी गोष्ट, पण ती सांगायची कोणाला? फोल्डिंगच्या बायका ठेकेदाराच्या. सुपरवायझर म्हणाला, ठेकेदाराला सांगा. ठेकेदार म्हणाला, टेबल कंपनीचं, जागा कंपनीची, मी कुठे स्टूल ठेवू? कंपनी म्हणाली, ही माणसं आमच्या पटावर नाहीत. राहिली युनियन. आमच्या युनियनचे अध्यक्ष म्हणजे नाना. ते धुळ्याला राहतात आणि दोन्ही शहरांतले तीन-चार कारखाने सांभाळतात. माणूस वाईट नाही. आम्हा कायम कामगारांना आज कॅन्टीन आहे, वर्षाला दोन गणवेश आहेत, ते नानांनी गेटवर बसून मिळवलेले आहेत. पण मी अक्काचं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “ताई, उभं राहून काम करणाऱ्याला बसायची सोय पाहिजे, हे कायद्यातच आहे. पण त्या आपल्या सभासद नाहीत. सभासद नसलेल्यांचं मी कोणत्या तोंडाने मांडू?” कायदा तोंडपाठ आणि तोंड मात्र नाही. मी तेव्हाच चिडायला हवं होतं, पण तेव्हा मी अजून बरीच शांत बाई होते.

कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांची एक कमिटी आहे, आणि तीत एक बाई असावी लागते. कायम नोकरीतल्या बाया आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्यांनी मान खाली घातली, माझी वर राहिली, म्हणून मी महिला प्रतिनिधी झाले. मी फोल्डिंगच्या बायकांचीही प्रतिनिधी आहे का, हे कमिटीत कोणालाच नक्की सांगता येईना. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, “तत्त्वतः आहात.” साहेब म्हणजे एचआरचे. वय तिशीचं, पुण्याचे, अत्यंत गोड बोलणारे. आठवड्यातले अर्धे दिवस ते आमच्याकडे आणि अर्धे दिवस कंपनीच्या धुळ्याच्या युनिटात असतात. त्यांच्यावर रागावणं फार अवघड जातं. आपण तावातावाने आत शिरावं तर ते आधी खुर्ची पुढे करतात, मग पाणी, मग म्हणतात, “तुमचं म्हणणं आम्ही ऐकलं आहे.”

एक दिवस साहेबांनी मोबाइलवरचं नवं अ‍ॅप आणलं. ज्याला लिहिता येत नाही त्यानेही त्यात नुसतं बोलायचं, अ‍ॅप ते लिहून घेणार आणि थेट पुण्याच्या मुख्य कचेरीत पोचवणार. ठेक्याची माणसंही बोलू शकतात, हे विशेष. त्या दिवशी गेटपाशी फुगे लावले होते, सगळ्यांना पेढे वाटले. साहेब माइकवर म्हणाले, “आजपासून तुमच्या आणि कंपनीच्या मध्ये कोणीही नाही.” नाना बाजूलाच उभे होते, त्यांचा चेहरा उतरला. मला मात्र मनापासून आनंद झाला होता. मी स्वतः फोल्डिंगमध्ये जाऊन एकेकीच्या मोबाइलवर ते अ‍ॅप चढवून दिलं. पहिला मान अक्काचा. तिने मोबाइल तोंडाजवळ धरला आणि दारातून शेजारणीला हाक मारावी तशी ओरडली, “आमले बठाले काहीतरी द्या! मन्हा पाय सुजतस!”

आमच्याकडे बठ म्हणजे बस. बठाले म्हणजे बसायला. आम्हाला बसायला काहीतरी द्या, माझे पाय सुजतात. खान्देशातल्या कोणत्याही पोराला हे कळेल. अ‍ॅपने क्षणभर विचार केला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ‘आम्हाला भत्त्याला काहीतरी द्या. मनापासून सूचना.’

आम्ही सगळ्या पोट धरधरून हसलो. हसलो ही चूक झाली. ते खोडून पुन्हा बोलावं म्हणून मी शोधत राहिले, तोवर ते पुण्याला निघून गेलं होतं. दुसरी पुढे आली. “बठ्ठ्या बायास्ले बठाले द्या,” ती म्हणाली. बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. सगळ्या बायकांना बसायला द्या. अ‍ॅपला त्यात दोनदा भत्ता ऐकू आला. मग एकापाठोपाठ एक सगळ्याच बोलल्या, आणि प्रत्येकीच्या तोंडात अ‍ॅपने भत्ता घातला. मी त्यांना म्हटलं, काळजी करू नका, मी कमिटीत समजावून सांगेन. त्यावर त्या निर्धास्त झाल्या आणि परत टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

कमिटीची सभा झाली. साहेबांनी पडद्यावर एक रंगीत गोल दाखवला. त्या गोलाचा मोठा थोरला नारिंगी तुकडा भत्त्याचा होता. साहेब म्हणाले, “फोल्डिंग विभागाची भावना फार तीव्र आहे. एका भगिनीने तर मनापासून सूचना असंही म्हटलंय.” मी उठले. म्हटलं, साहेब, तो भत्ता नाही, ते बठाले आहे. त्यांना बसायला स्टूल पाहिजे. भत्त्याचं कोणी नावही काढलेलं नाही. साहेबांनी नम्रपणे ऐकलं, पडद्याकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. “पण मॅडम, डेटा तर भत्ता दाखवतोय.”

मी म्हटलं, डेटा पुण्याचा आहे, बायका खान्देशातल्या आहेत. मी स्वतः तिथे होते. माझ्या कानांनी ऐकलंय. ते म्हणाले, “तुमचं म्हणणं आम्ही ऐकलं आहे. पण ते तुमचं म्हणणं झालं. त्यांचं म्हणणं सिस्टीममध्ये आहे.” म्हणजे जिच्या तोंडचं वाक्य, तिच्यापेक्षा ते चुकीचं ऐकणाऱ्या यंत्राला अधिक खरं धरायचं! पाण्याचा ग्लास माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला, ही त्या दिवशीची माझी मोठी कामगिरी.

साहेबांनी तरीही प्रश्न धसास लावला, त्यांच्या पद्धतीने. पंधरवड्याने फोल्डिंगच्या बायकांसाठी प्रशिक्षण ठेवलं. विषय: अ‍ॅपशी कसं बोलावं. एक मुलगी आली, गोड होती तीही. तिने सांगितलं की स्पष्ट, सावकाश आणि प्रमाण भाषेत बोलायचं. बठाले म्हणायचं नाही, बसण्यासाठी म्हणायचं. बायका टेबलाशी उभ्या राहूनच हे प्रशिक्षण घेत होत्या. अक्काने ‘बसण्यासाठी’ हा शब्द नाकातून असा काही म्हणून दाखवला की ती मुलगीसुद्धा हसली. मग अक्का म्हणाली, “याच्यासंगे बोलाले आते शाळामा जानं पडी का?” मुलीने ते वाक्यही नम्रपणे लिहून घेतलं.

पण तोपर्यंत भत्ता सुटला होता आणि तो काही थांबेना. कमिटीतल्या कोणीतरी नानांच्या कानावर घातलं की ठेक्याच्या बायका भत्ता मागताहेत. आता नानांना तोंड फुटलं. स्टुलासाठी त्यांना सभासदत्व आडवं येत होतं, भत्त्यासाठी आलं नाही. गेटवर सभा लावली, लाल झेंडा काठीला चढवला आणि ते गरजले, “ठेका कामगार बहिणींना भत्ता मिळालाच पाहिजे!” आमचे कायम कामगार टाळ्या पिटत होते. फोल्डिंगच्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. सभा संपल्यावर मी नानांना गाठून म्हटलं, नाना, भत्ता कुठून काढला? मी तुम्हाला स्टूल सांगितलं होतं ना? नाना शांतपणे म्हणाले, “ताई, स्टूल फार लहान मागणी आहे. मागायचं तर मोठं मागावं. त्यातून मग स्टूल निघतं.” अक्काच्या पायांना हे गणित कसं समजावायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

व्हायचं तेच झालं. ठेकेदाराने ऐकलं. तो फैजपूरकडचा. आमची बोली त्याची नाही, पण त्याला ती अक्षर न् अक्षर कळते. त्याने अक्काला गेटवरच अडवलं. अ‍ॅपमध्ये पहिलं नाव तिचं होतं, म्हणून भत्ता मागणारी पुढारी ती ठरली. मी डिस्पॅचची कागदं घेऊन तिथेच उभी होते. अक्का म्हणाली, “भत्ता नही भाऊ, बठाले मांगेल शे. पाय दखा मन्हा.” तिने खरंच लुगडं जरा वर करून पाय दाखवला. ठेकेदाराने पायाकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, “मले कळते गं. पन कागदावर त भत्ता आहे ना. पुन्हा माहा नाव वर गेलं तर दुसऱ्या बाया आनीन.” त्याला कळत होतं! सगळ्या जगात या बाईचं म्हणणं ज्याला धड कळलं होतं असा हा एक माणूस, आणि तोही कागदाकडे बोट दाखवत होता. त्या क्षणी मला त्याच्यापेक्षा ते बहिरं अ‍ॅप बरं वाटलं.

मग मी हट्ट धरला. कंपनी, ठेकेदार, युनियन, सगळ्यांना एकत्र बसवा आणि अक्काला तिथे तिच्या तोंडाने बोलू द्या, नाहीतर मी कमिटी सोडते. माझ्या सोडण्याने कोणाचं काही अडत नव्हतं, पण बाई नसली तर कमिटी कागदावर अपुरी पडते. साहेबांनी धुळ्याच्या युनिटात बैठक लावली, कारण चांगला हॉल तिथे आहे.

कंपनीच्या गाडीने मी आणि अक्का धुळ्याला गेलो. वाटेत पारोळ्याला आम्ही चहाला थांबलो, तेव्हा ती गाडीतून उतरेनाच. म्हणाली, चहा इथेच आण. मी विचारलं, पाय दुखतात का? तर म्हणाली, नाही, कंपनीने पहिल्यांदाच बसवलंय, तर बसून घेते. आम्ही दोघी खूप हसलो. गाडी निघाल्यावर ती काय काय बोलणार ते मला म्हणून दाखवू लागली. नातवंडाचं, डॉक्टरचं, शिरांचं, सगळं. मी म्हटलं, एवढं नको, फक्त स्टुलाचं बोल. तिने मान डोलावली आणि बाहेर बघत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत राहिली.

हॉल गारेगार होता. खुर्च्या मऊ, चाकांच्या, मागे रेलता येणाऱ्या. एका बाजूला साहेब, एका बाजूला नाना, ठेकेदार मध्ये. अक्काची पाळी आली तशी ती उठून उभी राहिली. गावात चार माणसांपुढे बोलायचं तर माणूस उभा राहून बोलतो, तशी. तिने पदर नीट केला आणि तोंड उघडलं, तोच साहेब लगबगीने म्हणाले, “अक्का, बसा ना! आरामात बसून बोला.” ती उभीच राहिली. ठेकेदार दबक्या आवाजात म्हणाला, “बस गं, बस.” नानांनी हाताने खाली दाबल्यासारखं केलं. “मी शे ना. तू बठ अक्का, मी बोलस.”

अक्काने एकेकाकडे बघितलं. मग जे बोलली त्याची तालीम तिने गाडीत केलेली नव्हती. “तठे बठू देतस नही,” ती म्हणाली, “आठे उभं ऱ्हावू देतस नही. मी करू तरी काय?”

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी लॅपटॉप मिटला, आणि त्या एका हालचालीसाठी मी आजही त्यांचं वाईट चिंतत नाही. ते म्हणाले, “म्हणजे खरंच स्टूल हवंय?” मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, इतके महिने मी दुसरं काय सांगतेय? नाना म्हणाले की मागणी रास्त आहे, कायद्यातच आहे. ठेकेदार म्हणाला की त्याची कधीच हरकत नव्हती. सगळे एकदम इतके समजूतदार झाले की मला रडू यायला लागलं. एवढ्याशासाठी आमची ही वरात का काढली होती?

इतिवृत्त लिहायचं काम मी मागून घेतलं. आता बोलीचा घोळ नको, अ‍ॅपचा नको, म्हणून शाळेत शिकलेलं सगळं मराठी पणाला लावून मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘फोल्डिंग विभागातील महिलांसाठी तातडीने बैठक व्यवस्था करण्यात यावी.’ सरकारी कागदात बसायच्या सोयीला हाच शब्द असतो. लग्नाच्या मंडपवाल्यालाही तो कळतो. सगळ्यांनी सह्या केल्या. अक्काने वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. परतताना ती गाडीत झोपून गेली.

मुख्य कचेरीत मराठी कागद चालत नाही. तिथे तो कोणत्या तरी यंत्रातून इंग्रजीत गेला आणि मंजुरी होऊन परत आला. अक्काच्या मोबाइलवर अ‍ॅपचा निरोप वाजला, तसा तिने तो माझ्या काचेवर लावून धरला. एक फूल होतं, त्याखाली लिहिलं होतं: ‘अभिनंदन! आपल्या सूचनेनुसार फोल्डिंग विभागासाठी दरमहा बैठक मंजूर करण्यात आली आहे.’

मी दोनदा वाचलं. बैठक. मीटिंग. बसायला मागितलं आणि त्यांनी मीटिंग दिली! मी तशीच साहेबांना फोन लावला. म्हटलं, तुम्ही तर मराठी माणूस आहात, बैठक व्यवस्था म्हणजे काय हे तुम्हाला कळत नाही? ते कळवळून म्हणाले, “मला कळतंय हो मॅडम. मी दुरुस्तीला पाठवतो. पण आता मंजुरी आलीच आहे, तर पहिली बैठक घेऊन टाकू. नाहीतर रिपोर्टमध्ये प्रलंबित दिसेल.” आणि आमच्या कंपनीत खात्यातल्या बैठका उभ्याने घ्यायची पद्धत आहे. उभ्याने घेतल्या की त्या लांबत नाहीत, असा शोध कोणीतरी लावलेला आहे.

तेव्हा ती बैठक झाली. पिवळ्या पट्ट्यांच्या आत, टेबलांच्या बाजूला, सगळ्या बायका अर्धगोलात उभ्या. साहेब हातात टॅब घेऊन उभे. सुपरवायझर फोटो काढायला उभा. साहेबांनी विचारलं, “बोला, काय अडचणी आहेत?” अक्का माझ्या शेजारी होती. तिने एका हाताने टेबलाची कड धरली, दुसरा हात माझ्या खांद्यावर टाकला आणि सावकाश फरशीवर बसली. पाय समोर पसरले. साहेब गडबडले. “अक्का, बरं वाटत नाहीये का?”

“बैठक शे ना?” अक्का म्हणाली. “मंग बठेल शे.”

एक बाई फसकन हसली आणि बसली. मग दुसरी. मग सगळ्याच. मीही बसले, नवी साडी होती तरी बसले. साहेब, सुपरवायझर आणि टेबलं तेवढी उभी होती. किती बरं वाटलं मला त्या वेळी! वाटलं की आता तरी एखाद्या आंधळ्यालाही दिसेल. त्या बैठकीत बायका खूप बोलल्या, आणि साहेब टॅबवर बोटं चालवत राहिले. अक्काला उठवायला मात्र दोघी जणी लागल्या.

सुपरवायझरने तो फोटो नेहमीप्रमाणे ग्रुपवर टाकला. ‘पहिली बैठक उत्साहात संपन्न.’ पुण्याहून कोणीतरी तो बघितला. कामाच्या वेळेत, पट्ट्याच्या आत, महिला कामगार जमिनीवर का बसल्या आहेत, हा काय प्रकार आहे, असा जाब आला. साहेबांनी दोन पानी खुलासा पाठवला. मी वाचलाय तो, चांगला लिहिलाय. पण जाबाची एक प्रत ठेकेदारालाही गेली होती. त्याने खुलासा वाचला नाही. सोमवारी सकाळी गेटवर अक्काला बाजूला घेऊन तो एवढंच म्हणाला, “आता घरी बस.”

मी साहेबांकडे गेले. ते हळहळले, खरोखर हळहळले, आणि म्हणाले की ठेकेदाराच्या अंतर्गत निर्णयात कंपनी पडू शकत नाही. मी नानांना फोन केला. ते म्हणाले, “ताई, सभासद असती तर गेट बंद पाडलं असतं.” मी फोन ठेवला. कोणाकोणावर ओरडायचं? ओरडायला तरी समोर एक माणूस असावा लागतो ना! इथे प्रत्येकाने माझं ऐकलं होतं, प्रत्येकाला वाईट वाटलं होतं, आणि प्रत्येकाचं बोट दुसऱ्या कोणाकडे तरी होतं.

रविवारी अक्काच्या घरी गेले. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवत होते. ती दारातल्या पायरीवर नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून तिने आत हाक मारून चहा टाकायला सांगितला. मी तोंड उघडणार तोच तिने लुगडं थोडं वर सरकवलं आणि पाय माझ्यापुढे केला. पिंडरी मोकळी दिसत होती, घोट्याचं हाड वर आलं होतं.

“हाई दख, सूज उतरनी,” ती म्हणाली आणि पायावर दोनदा थाप मारून दाखवली. “आते उभं ऱ्हावानं काम बी चाली. कोठे काम ऱ्हायनं ते सांगजो, माय.”